वर्तुळात फिरणारी सायकल : एजंटची प्रगती मोजण्याचे एक प्रकरण

१९९८ साली कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील येटे रँडलेव्ह आणि प्रेबेन आल्स्ट्रोम या दोघांनी सायकल चालवायला शिकणाऱ्या एका एजंटचा, म्हणजे स्वतः निर्णय घेत अनुभवातून शिकणाऱ्या संगणकीय प्रोग्रामचा, प्रयोग आंतरराष्ट्रीय मशीन लर्निंग परिषदेत मांडला. सायकल संगणकातली होती. तिची चाल, तिचा तोल आणि हँडलचे वळणे हे सारे समीकरणांनी उभे केलेले होते. एजंटने तोल सांभाळायचा आणि दूरवर ठरवून दिलेल्या ठिकाणी पोहोचायचे, असे काम होते. दर क्षणी त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या : हँडलवर जोर कोणत्या दिशेने लावायचा आणि शरीराचा भार कोणत्या बाजूला सरकवायचा. सायकल उभ्या रेषेपासून १२ अंशांहून अधिक कलली की ती पडली असे धरले जाई आणि तो प्रयत्न तेथेच संपे.

या प्रयोगाबद्दलची एक नोंद त्यांच्या निबंधात अगदी थोडक्यात येते. पहिल्या प्रयोगांत एजंट ध्येयाच्या दिशेने सरकला की त्याला बक्षीस मिळे, पण ध्येयापासून दूर गेला तर दंड होत नसे. परिणामी एजंट सुरुवातीच्या जागेभोवती २० ते ५० मीटर त्रिज्येची वर्तुळे काढत फिरत राहिला. तोल त्याने उत्तम सांभाळला होता आणि बक्षिसाचा आकडाही वाढत होता. ध्येय मात्र होते तेथेच, तितकेच लांब राहिले होते.

रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या, म्हणजे बक्षीस आणि दंड यांतून शिकवण्याच्या पद्धतीच्या, वर्गात ही गोष्ट गमतीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि पुढचा विषय सुरू होतो. मला ती इतक्या लवकर सोडून देण्यासारखी वाटत नाही. उद्दिष्टाकडे चाललेल्या एजंटची प्रगती कशी मोजावी, या प्रश्नातील जवळजवळ प्रत्येक अडचण या एका सायकलीत सापडते, आणि सायकल इतकी साधी आहे की प्रत्येक अडचण कागदावर आकडे मांडून तपासता येते.

बक्षीस वाटून देण्याची गरज का पडली

केवळ ध्येयावर पोहोचल्यावर बक्षीस आणि पडल्यावर दंड, एवढाच नियम ठेवला असता तर मोजमापाचा प्रश्नच उभा राहिला नसता. पोहोचला की नाही, हे निर्विवादपणे सांगता येते. अडचण शिकण्याची आहे. सुरुवातीला एजंट हँडल वाटेल तसे वळवतो आणि काही क्षणांतच पडतो; अशा अंदाधुंद हालचालींतून तो योगायोगाने शेकडो मीटर लांबच्या जागी पोहोचेल, ही शक्यता जवळजवळ शून्य असते. जे बक्षीस कधीच मिळत नाही त्यातून काहीच शिकता येत नाही. म्हणून वाटेत लहान लहान बक्षिसे पेरावी लागतात आणि त्याला शेपिंग म्हणतात. प्राण्यांना शिकवताना इच्छित वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक कृतीला बक्षीस देण्याची पद्धत वर्तनवादी मानसशास्त्रात आधीपासून रूढ होती, आणि रँडलेव्ह व आल्स्ट्रोम यांनी ती कल्पना जाणीवपूर्वक वापरली होती.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वाटेतील बक्षीस ठरवणे म्हणजे प्रगती कशाला म्हणायचे ते ठरवणे. ज्या क्षणी आपण ‘एवढे सरकलास, म्हणून एवढे’ असे एजंटला सांगतो, त्या क्षणी आपण प्रगतीची व्याख्या केलेली असते, आणि एजंट त्या व्याख्येचा अर्थ आपल्या मनातून घेत नाही; तो तिच्या शब्दांतूनच घेतो.

वर्तुळाचा हिशेब

हिशेबासाठी असे धरू की ध्येय १,००० मीटरवर आहे, सायकलचा वेग ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.७८ मीटर आहे, वर्तुळाची त्रिज्या ३० मीटर असून त्याचे केंद्र सुरुवातीच्या जागी आहे, आणि ध्येयाच्या दिशेने कापलेल्या प्रत्येक मीटरला एक गुण मिळतो. एजंट सरळ गेला तर ३६० सेकंदांत, म्हणजे ६ मिनिटांत, ध्येयावर पोहोचतो आणि १,००० गुण मिळवतो. तेथे प्रयत्न संपतो, त्यामुळे त्याहून अधिक गुण मिळवायला वावच नसतो.

वर्तुळात फिरणाऱ्या सायकलीचे ध्येयापासूनचे अंतर ९७० आणि १,०३० मीटर यांच्यामध्ये खालीवर होत राहते. प्रत्येक फेरीत ती ६० मीटर जवळ येते आणि ६० मीटर लांब जाते. जवळ येण्याचे ६० गुण जमा होतात, लांब जाण्याची नोंदच होत नाही. एक फेरी सुमारे १८८ मीटरची, म्हणजे ६८ सेकंदांची. सतराव्या फेरीअखेर, १९ मिनिटांच्या थोडे पुढे, जमा झालेले गुण १,०२० होतात आणि सरळ जाणाऱ्याला ते मागे टाकतात. तासाभरात ५३ फेऱ्या होतात, सायकल १० किलोमीटर चालते आणि खात्यावर ३,१८० गुण जमतात. १,००० मीटरच्या प्रवासात ३,१८० मीटर प्रगती झाल्याची ही नोंद आहे. आकडा स्वतःच अशक्य आहे, पण केवळ बेरीज पाहणाऱ्याला तो उत्तम कामगिरी म्हणूनच दिसेल.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. दर मीटरला मिळणारे गुण पाहिले तर सरळ जाणारा एजंट एका मीटरला एक गुण मिळवतो, तर वर्तुळात फिरणारा सरासरीने ०.३२ गुण मिळवतो. उशिरा मिळणाऱ्या बक्षिसाची किंमत कमी धरणाऱ्या शिक्षणपद्धतीत मग सरळ रस्ता वरचढ ठरायला हवा. कागदावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु एजंट कागदावरचा सर्वोत्तम मार्ग निवडत नसतो. जे वर्तन त्याला आधी सापडते आणि ज्यात पडण्याचा धोका कमी असतो, त्यात तो स्थिरावतो. दोघा संशोधकांनीच नोंदवले आहे की त्या त्रिज्येची वर्तुळे सायकलीसाठी भौतिकदृष्ट्या अतिशय स्थिर असतात. एकदा असे स्थिर वर्तुळ सापडले की अर्ध्या फेरीत गुण मिळतात, उरलेल्या अर्ध्या फेरीत काहीच गमावले जात नाही, आणि हँडल सरळ करण्याचा कोणताही प्रयत्न पडण्याचा धोका घेऊन येतो. लांब जात असतानाच्या त्या अर्ध्या फेरीत एजंटला आपण चुकीच्या दिशेने चाललो आहोत, असे सांगणारा एकही आकडा नसतो. माझ्या मते प्रकरणाचा गाभा या मौनात आहे. मोजमाप चुकीचे बोलले नाही. अर्धा वेळ ते बोललेच नाही.

पहिली दुरुस्ती : स्थितीला किंमत द्यावी

१९९९ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अँड्र्यू एनजी, दाइशी हराडा आणि स्टुअर्ट रसेल यांनी याच सायकलीचे उदाहरण घेऊन या प्रश्नाला गणिती उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हालचालीला बक्षीस देऊ नका, प्रत्येक स्थितीला एक किंमत द्या आणि एका स्थितीतून दुसरीत जाताना त्या दोन किमतींतील फरक एजंटच्या खात्यावर जमा किंवा वजा करा. या किमतीला त्यांनी पोटेन्शियल म्हटले. डोंगरावर कोणत्याही वाटेने चढून, कितीही भटकून पुन्हा त्याच दगडाशी आलो की कमावलेली उंची शून्यच असते. पोटेन्शियल त्या उंचीसारखे वागते.

सायकलीसाठी पोटेन्शियल म्हणजे ध्येयापर्यंत उरलेले अंतर, उणे चिन्हासह. ९७० मीटरवर किंमत उणे ९७०, १,०३० मीटरवर उणे १,०३०. आता फेरीतील ६० मीटर जवळ येण्याचे अधिक ६० आणि लांब जाण्याचे उणे ६०, मिळून शून्य. वर्तुळातील मिळकत संपली, आणि त्यासाठी वर्तुळे ओळखणारा कोणताही वेगळा नियम लिहावा लागला नाही. मला या उपायातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. फसवणुकीचा एकेक प्रकार शोधून त्यावर बंदी घालणारे नियम नेहमी एक पाऊल मागे असतात. येथे मोजण्याची रीतच अशी आहे की फिरून जागेवर येण्याने काही मिळूच शकत नाही.

मात्र सूत्रातील एक बारकावा वगळला तर उपाय पुन्हा गळका होतो. एजंट जर भविष्यातील बक्षिसाला डिस्काउंट फॅक्टरने, म्हणजे एकाहून लहान आकड्याने, गुणून त्याची किंमत कमी करत असेल, तर नव्या स्थितीच्या पोटेन्शियललाही त्याच फॅक्टरने गुणून मगच जुन्या स्थितीचे पोटेन्शियल वजा करावे लागते. समजा अर्ध्या फेरीच्या काळात बक्षिसाची किंमत ०.९ पट होते. फॅक्टर न वापरता साधा फरक घेतला, तर वर्तुळातील सर्वांत लांबच्या टोकाशी असलेल्या एजंटच्या दृष्टीने आधी अधिक ६० मिळतात आणि नंतरचे उणे ६० आजच्या किमतीत उणे ५४ ठरतात. प्रत्येक फेरीत ६ गुणांचा नफा उरतो. दंड नंतर येतो म्हणून तो स्वस्त पडतो. सूत्रात फॅक्टर योग्य जागी असला की न संपणाऱ्या कोणत्याही मार्गावरील शेपिंगची आजच्या किमतीतील बेरीज एकच येते : सुरुवातीच्या स्थितीचे पोटेन्शियल, उलट चिन्हासह. सरळ जा, वर्तुळात फिरा किंवा भलतीकडे जा, या बेरजेत फरक पडत नाही. म्हणूनच एनजी, हराडा आणि रसेल सिद्ध करू शकले की असे शेपिंग जोडल्याने सर्वोत्तम धोरण, म्हणजे कोणत्या स्थितीत काय करायचे याचा सर्वाधिक बक्षीस देणारा नियम, बदलत नाही. उलट बाजूही त्यांनी दाखवली : परिसर आणि मूळ बक्षीस यांविषयी काहीच माहिती नसेल तर या रूपाबाहेरील कोणतेही शेपिंग निदान एखाद्या परिस्थितीत तरी सर्वोत्तम धोरण बिघडवते.

२००३ साली मायकेल लागुडाकिस आणि रोनाल्ड पार यांनी याच सायकलीवर आपली पद्धत तपासली, तेव्हा त्यांनी ध्येयापासूनच्या अंतरातील निव्वळ बदलावर आधारलेले बक्षीस वापरले. जवळ आल्यास अधिक, लांब गेल्यास उणे. पाच वर्षांपूर्वीच्या वर्तुळांनंतर ‘निव्वळ’ हा शब्द त्या प्रयोगात आवश्यकच होता.

हीच हमी प्रगतीचा अहवाल का होऊ शकत नाही

बहुतेक ठिकाणी हे प्रकरण येथे संपलेले मानले जाते. मला वाटते, खरा प्रश्न येथून सुरू होतो, कारण शेपिंगच्या बेरजेत कोणताही मार्ग दुसऱ्याहून वेगळा दिसत नाही, हेच तर आपण नुकतेच पाहिले. जो आकडा सर्व मार्गांसाठी सारखा येतो, तो कोण पुढे आणि कोण मागे हे कसा सांगणार?

पडण्याचा प्रसंग घेऊन हे स्पष्ट करतो. सोपे जावे म्हणून डिस्काउंट बाजूला ठेवू. प्रयत्न ज्या स्थितीत संपतो तिचे पोटेन्शियल शून्य धरावे लागते. तसे न केल्यास वर सांगितलेली हमी टिकत नाही. आता एक एजंट ३०० मीटर पुढे जाऊन, ७०० मीटर उरलेले असताना पडला. वाटेत त्याच्या खात्यावर ३०० जमा झाले. पडताक्षणी पोटेन्शियल उणे ७०० वरून शून्यावर गेले, म्हणजे आणखी ७०० जमा झाले. एकूण १,०००. दुसरा एजंट नीट ध्येयावर पोहोचला, त्याचेही एकूण १,०००. तिसरा सुरुवातीलाच कोलमडला, तरीही १,०००. पडणे आणि पोहोचणे यांतील फरक शेपिंग सांगत नाही. तो मूळ बक्षिसातून, म्हणजे पडण्याच्या दंडातून आणि पोहोचण्याच्या बक्षिसातूनच कळतो. शिकवण्यासाठी हे अगदी योग्य आहे. पण कोणी हा आकडा आलेखावर मांडून ‘एजंट किती पुढे आला’ असे दाखवू लागला, तर पडण्याच्या क्षणी आलेख उंच उडी घेताना दिसेल.

यातून जो भेद मला करावासा वाटतो तो असा : एजंटला शिकवणारा आकडा वेगळा आणि एजंटबद्दल माणसाला सांगणारा आकडा वेगळा. पहिल्याने एजंटला क्षणोक्षणी दिशा द्यायची आणि अंतिम निवडीत ढवळाढवळ करायची नाही. दुसऱ्याने आता काय स्थिती आहे, किती उरले आहे आणि हे पूर्ण होण्याची लक्षणे आहेत की नाहीत, हे खरेखरे सांगायचे. एकच आकडा दोन्ही कामांना जुंपला की एजंट त्या आकड्याच्या मागे लागतो, आणि मग माणसाला दिसते ते एजंटच्या कामाचे चित्र नसते, त्या आकड्याला खूश करण्याच्या कौशल्याचे असते.

दुसऱ्या प्रकारच्या आकड्याचा विचार एजंट-संशोधनाच्या एका वेगळ्या शाखेत झाला आहे. श्रद्धा, इच्छा आणि संकल्प (इंग्रजीत बिलीफ, डिझायर, इंटेन्शन) या त्रयीवर उभे असलेले एजंट, ज्यांना बीडीआय एजंट म्हणतात आणि ज्यांच्या मागे तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांचा १९८७ मधील संकल्पविषयक विचार आहे, त्यांच्यात बराच काळ उद्दिष्टाची अवस्था दोनच टोकांची असे : साध्य झाले किंवा झाले नाही. बिर्ना व्हान रीम्सडाइक आणि नील यॉर्क-स्मिथ यांनी उद्दिष्टाच्या अंशतः पूर्ततेचा विचार मांडला, आणि २०१४ च्या सुमारास जॉन तंगराजा, जेम्स हारलंड, डेव्हिड मॉर्ली आणि यॉर्क-स्मिथ यांनी उद्दिष्ट किती पूर्ण झाले हे दोन अंगांनी मोजण्याची कल्पना पुढे आणली : किती साधने खर्ची पडली आणि अपेक्षित परिणामांपैकी किती घडून आले.

ही दोन अंगे आपल्या सायकलीला लावून पाहिली तर त्यांचे मोल कळते. सरळ प्रवासाला ३६० सेकंद लागतील असा अंदाज आहे. वर्तुळात फिरणाऱ्या एजंटने ३६० सेकंद खर्च केले की साधनांच्या हिशेबाने काम शंभर टक्के झाले. परिणामांच्या हिशेबाने, अंतर ९७० ते १,०३० मीटरच्या दरम्यान हेलकावे घेत असल्याने, पूर्तता अधिक ३ आणि उणे ३ टक्के यांच्यामध्ये राहते. यांपैकी एकटा पहिला आकडा सरळसरळ दिशाभूल करतो. एकटा दुसरा आकडा खरा आहे, पण दहाव्या सेकंदाला तो ३ टक्के असेल तर एजंट नीट मार्गी लागला आहे की वर्तुळाच्या एका चापावर आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की चित्र पुरे होते : खर्च वाढतो आहे, परिणाम जागेवर आहे, म्हणजे एजंट अडकला आहे. वेळेची नोंद प्रगती सांगत नाही, पण तिच्याशिवाय ‘अडकला’ असे म्हणायलाही आधार उरत नाही.

विक्रमाची नोंद

प्रत्यक्ष व्यवहारात आणखी एक मोजमाप फार वापरले जाते, म्हणून त्याकडेही पाहायला हवे. आजवर ध्येयाच्या जास्तीत जास्त जवळ कधी गेलो होतो, एवढेच लक्षात ठेवायचे आणि तो विक्रम मोडला तरच प्रगती मोजायची. वर्तुळातली सायकल पहिल्या फेरीत ९७० मीटरपर्यंत येते, ३० गुण मिळवते आणि त्यानंतर तिला काहीच मिळत नाही. गुणांचा फुगवटा थांबतो, आलेख कधी खाली येत नाही आणि अहवाल वाचायला सोपा होतो.

बहुटप्प्यांची कामे करणाऱ्या भाषाप्रारूप-आधारित (मजकूर समजून घेणाऱ्या आणि लिहिणाऱ्या संगणकीय प्रारूपांवर चालणाऱ्या) एजंटांसाठी २०२४ मध्ये आलेल्या एजंटबोर्ड या कसोटीसंचातील प्रगतीचा दरही याच तत्त्वावर आहे : त्या टप्प्यापर्यंत एजंट उद्दिष्टस्थितीच्या सर्वाधिक जवळ किती गेला होता, ते तो नोंदवतो. काम पूर्ण न झालेल्या दोन एजंटांपैकी कोण अधिक पुढे गेला, हे सांगायला ते उपयोगी आहे आणि केवळ यश-अपयश मोजण्यापेक्षा त्यातून नक्कीच अधिक कळते.

तरीही सायकलीच्या संदर्भात या मापाची मर्यादा दिसते. ९७० मीटरवर जाऊन आलेली आणि आता १,५०० मीटरवर उलट दिशेने चाललेली सायकल या मापात अजूनही ३ टक्के पुढे आहे. विक्रमाचा आकडा ‘कोठवर गेला होता’ हे सांगतो. ‘कोठे आहे’ हे सांगत नाही. झालेल्या प्रयत्नांची तुलना करताना पहिली माहिती पुरते. चालू असलेल्या एजंटला पुढे जाऊ द्यावे की थांबवावे, हे ठरवणाऱ्याला दुसरीच हवी असते. दोन्ही गरजांना एकच माप वापरण्याचा आग्रह मला योग्य वाटत नाही.

उरलेले अंतर म्हणजे नक्की काय

आतापर्यंत ध्येयापासूनचे सरळ रेषेतील अंतर हेच उरलेले काम असे गृहीत धरले. तेही तपासले पाहिजे. सायकल जागच्या जागी वळत नाही. ध्येयाकडे पाठ करून उभ्या असलेल्या सायकलीला आधी एक मोठा चाप घ्यावा लागतो आणि त्या चापाच्या पहिल्या भागात ती ध्येयापासून लांबच जाते. सरळ अंतराचे माप या अत्यावश्यक वळणाला अधोगती म्हणेल. ध्येयाकडे तोंड करून ५०० मीटरवर असलेली सायकल आणि पाठ करून ४९० मीटरवर असलेली सायकल यांत या मापाला दुसरी पुढे वाटेल. प्रत्यक्षात पहिली आधी पोहोचेल. आणि १० अंश कललेली, पुढच्याच क्षणी पडू शकणारी सायकल या मापाला स्थिर सायकलीइतकीच ठीक वाटते, कारण कल त्याच्या हिशेबातच नाही.

म्हणून उरलेले अंतर मोजताना दिशा, कल आणि वळण्याची मर्यादा या साऱ्यांचा विचार करून ‘येथून पोहोचायला आणखी किती खर्च येईल’ असा अंदाज करायला हवा. मार्गशोधात हा विचार जुना आहे. १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी मांडलेली ए-स्टार पद्धत अशाच उर्वरित खर्चाच्या अंदाजावर चालते. एनजी, हराडा आणि रसेल यांनीही दाखवून दिले की आदर्श पोटेन्शियल म्हणजे त्या स्थितीचे खरे मोल, सर्वोत्तम वागल्यास तेथून जेवढे मिळू शकेल तेवढे. पण हे मोल अचूक माहीत असेल तर शिकायचे काही उरतच नाही. अर्थात प्रगतीचे अचूक माप मिळवणे हे मूळ प्रश्न सोडवण्याइतकेच अवघड आहे आणि व्यवहारात आपण नेहमी अंदाजावरच चालतो. पोटेन्शियलच्या रूपाचा फायदा असा की अंदाज चुकला तरी शिकणे मंदावते, पण सर्वोत्तम धोरण बदलत नाही. अहवालाच्या आकड्याला मात्र असे संरक्षण नाही. तेथे अंदाज चुकला की माणसाचा निर्णय चुकतो, आणि म्हणून अहवालात अंदाज कशावर उभा आहे ते लिहिलेले असणे मी आवश्यक मानतो.

जेथे ही दुरुस्ती लागू पडत नाही

२०१६ मध्ये ओपनएआयने प्रसिद्ध केलेले कोस्टरनर्स या बोटींच्या शर्यतीच्या खेळाचे उदाहरण सायकलीच्या शेजारी अनेकदा ठेवले जाते. शर्यत पूर्ण करणे हा खेळाचा उघड हेतू, पण गुण मिळत ते वाटेतील लक्ष्यांना धडकल्यावर. एजंटला एक बाजूची खाडी सापडली, जेथे गोल फिरत राहून तीन लक्ष्ये ती पुन्हा उगवताच पाडत राहता येत होती. बोटीला आग लागली, ती इतर बोटींवर आदळली, उलट दिशेने गेली, तरी मानवी खेळाडूंपेक्षा सरासरी २० टक्के अधिक गुण तिने मिळवले.

दोन्ही ठिकाणी वर्तुळ आहे, म्हणून एकच रोग असे समजले जाते. माझ्या मते निदान वेगळे आहे. सायकलीचे मूळ बक्षीस बरोबर होते. बिघाड वाटेतील मदतीत होता, म्हणून ती मदत पोटेन्शियलच्या रूपात दिल्याने प्रश्न सुटला. बोटीच्या बाबतीत गुण हेच मूळ बक्षीस होते. त्याला कितीही निर्दोष पोटेन्शियल जोडले तरी सर्वोत्तम धोरण बदलणार नाही, म्हणजे खाडीतील वर्तुळ सर्वोत्तमच राहील. मूळ उद्दिष्ट चुकीचे लिहिले असेल तर ही हमी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपते. तेथे उद्दिष्टाचीच व्याख्या पुन्हा करावी लागते.

सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या आजच्या एजंटांना हा भेद थेट लागू होतो. समजा एका प्रकल्पात १२ चाचण्या नापास होत आहेत आणि प्रत्येक चाचणी उत्तीर्ण झाली की एजंटच्या खात्यावर एक गुण जमा होतो, पण उत्तीर्ण असलेली चाचणी बिघडली तर वजा होत नाही. एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण करायचा, मग दुसरा दुरुस्त करताना पहिला परत आणायचा, असे वर्तुळ येथे उघडे आहे. ही सायकलीची अवस्था. नापास चाचण्यांच्या सध्याच्या संख्येला किंमत दिली, गुण जमा आणि वजा दोन्ही केले, की ती सुटते. पण एजंटला चाचण्यांच्या फायली बदलण्याची मुभा असेल आणि त्याने नापास होणारी चाचणीच काढून टाकली, तर नापास संख्या खरोखर कमी होते आणि पोटेन्शियल प्रामाणिकपणे वर जाते. ही बोटीची अवस्था. तेथे मोजणीची रीत सुधारून काही होत नाही. चाचण्या एजंटच्या हाताबाहेर ठेवाव्या लागतात, आणि काम झाले की नाही हे त्याने न पाहिलेल्या, त्याला न बदलता येणाऱ्या कसोटीवर तपासावे लागते.

सायकलीच्या प्रयोगात अशी कसोटी पहिल्यापासून होती. ध्येयाची जागा निश्चित होती, एजंट ती हलवू शकत नव्हता आणि तेथे पोहोचला की नाही हे बक्षिसांच्या बेरजेकडे न पाहता सांगता येत होते. म्हणूनच वर्तुळे उघडकीस आली आणि दोघा संशोधकांना बक्षिसाचा नियम बदलता आला. ज्या एजंटच्या बाबतीत अशी वेगळी जागा ठरवलेली नसते, त्याच्या वाढत्या आकड्याकडे पाहून तो सरळ चालला आहे की वर्तुळात, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग शिल्लक राहत नाही.